बियाण्याची जागा ग्रंथालयात
(शिराळा येथील कार्यकर्त्यांसमोरील भाषणाचा मजकूर)



जमीन कसणाऱ्याची असावी आणि पाणी सर्वांचे असावे, यासाठी समाजवादी चळवळीने अनेक लढे दिले. बियाण्यासाठी लढण्याची वेळ फारशी आली नाही, कारण घेवडा, वाल, चवळी, दोडका यांचे बी घरातच असे. ते राखेत घोळून गाडग्यात ठेवलेले असे, नाहीतर चुलीच्या धुरावर आढ्याला टांगलेले असे. मृगापूर्वी ते शेजारणीच्या ओटीत पडे आणि त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. आज त्याच परसातल्या वेलासाठी बाजारातून पुडी आणावी लागते. पुडीतले बी संकरित असेल, तर त्याच्या फळातून धरलेले बी पुढच्या वर्षी मूळ गुणाला उतरत नाही. पुडी पुन्हा विकत घेणे ओघानेच आले. ज्या भूमिहीन कुटुंबाला परसाखेरीज जमीन नाही, त्याच्या ताटातील भाजीही अशा रीतीने बाजाराच्या स्वाधीन होते.

संकरित वाणांनी उत्पादन वाढविले, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न मालकीचा आहे. २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातमधील बटाटा उत्पादक शेतकऱ्यांवर दावे लावले. त्यांतील काहींकडून प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांची भरपाई मागण्यात आली. देशभर निषेध झाल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने हे दावे मागे घेतले. वास्तविक, वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नावाने विकण्यास तेवढी मनाई आहे. परंतु हक्क कायद्याच्या पुस्तकात असून भागत नाही. घरात बीच उरले नसेल, तर राखायचे काय आणि वाटायचे काय?

याचे उत्तर अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी कृतीने दिले. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी स्त्रीने गावरान वाणांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी न्यावे आणि पीक आल्यावर दुप्पट परत करावे, अशी तेथील रीत. सावकारही पूर्वी सवाई-दिडीने बी देई. पण त्याची वाढ त्याच्या कणगीत जाई. येथे वाढ सर्वांच्या साठ्यात जाते आणि पुढच्या वर्षी आणखी एका घराला पुरते. दोन्हींतील फरक हाच समाजवादाचा अर्थ आहे.

अशी व्यवस्था शिराळ्यात उभारण्यासाठी नवी संस्था कशाला हवी? वारणेपलीकडच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. देवघेवीची नोंदवही, परतीची मुदत आणि जात न विचारता मिळणारे सभासदत्व ही ग्रंथालयाची शिस्त तयारच आहे. कॅलिफोर्नियातील रिचमंड शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात २०१० पासून याच पद्धतीने बियाण्यांची देवघेव सुरू झाली.

मात्र पुस्तक नेले तसे परत येते. बी पेरल्यावाचून परत येत नाही. म्हणून आरंभ घेवडा, वाल, चवळी यांपासून करावा. त्यांचे परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होते, त्यामुळे वाण सहसा शुद्ध राहतो. भोपळा, दोडका, काकडी यांच्या फुलांवर कीटक शेजारच्या वाणाचे पराग आणतात. त्यांचे बी जाणत्या हातांकडेच सोपवावे. चांदोलीकडच्या पावसात दमट हवा हा बियाण्याचा मोठा शत्रू. बी सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजावी. प्रत्येक बरणीवर वाणाचे नाव, गाव, हंगाम आणि देणारणीचे नाव असावे. गावाचा वाण उद्या कोणी आपला शोध म्हणून मिरवू लागला, तर ही नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

‘देणारणीचे’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. कोणते बी कधी धरावे, हे ज्ञान मुख्यतः स्त्रियांपाशी आहे. गावोगावच्या वाचनालयांत मात्र वर्तमानपत्र चाळणारे पुरुषच बहुधा दिसतात. बियाण्याच्या समितीत निम्म्या स्त्रिया नसतील आणि परसापलीकडे जमीन नसलेल्या घरांना प्रथम हक्क नसेल, तर ते आणखी एक कुलूपबंद कपाट ठरेल.

याच तालुक्यातील बिळाशीने १९३० साली जंगलाच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. जंगल जसे सरकारच्या हुकुमाने रयतेचे परके होऊ नये, तसे बीही कंपनीच्या पुडीने परके होऊ नये. येत्या सुगीत कार्यकर्त्यांनी प्रत्येक वाडीतून पाच घरांचे मूठ-मूठ बी नोंदीसह गोळा करून ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे. ठराव त्यानंतर करता येतील.