एमबीए प्रवेश परीक्षा: काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही

(लोणावळ्यात पदवीचे विद्यार्थी, विद्यार्थिनी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, एमबीए नाही. पण नोकरी सांभाळून या परीक्षा मी दिल्या आहेत, आणि गेली काही वर्षं सुटीच्या दिवशी मावळातल्या मुलामुलींच्या सराव पेपरांवर त्यांच्याबरोबर बसतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. आपली मुलं हुशारीत कमी पडत नाहीत. ती पहिल्या प्रश्नापासून ओळीने सगळं सोडवायला जातात आणि मध्येच वेळ संपतो. दहावी-बारावीला ही सवय चांगली होती, इथे तीच नडते.

आधी दोन परीक्षांतला फरक समजून घेऊ. कॅट ही आयआयएमची परीक्षा, बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. दोन तास आणि तीन विभाग: इंग्रजी वाचन, डेटा आणि तर्क, गणित. प्रत्येक विभागाला ४० मिनिटं. ती संपली की तो विभाग बंद, मागे जाता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात, पर्याय दिलेला प्रश्न चुकला तर १ गुण जातो.

दुसरी राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीए सीईटी. १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यात १०० प्रश्न तर्काचे आणि आकृत्यांचे, ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मुंबईचं जमनालाल बजाज, पुणे विद्यापीठाचा पुम्बा हा विभाग, अशा संस्थांचा रस्ता या परीक्षेतून जातो.

आता साधा हिशेब करू. कॅटमध्ये चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर सरासरी चारांत एक बरोबर येणार, तीन चुकणार. तीन मिळाले, तीन गेले, हाती शून्य. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं, तर तीनांत एक बरोबर आणि दोन चूक. म्हणजे तीन प्रश्नांमागे एक गुण पदरात. सीईटीत गुण कापले जात नाहीत. शेवटी ५० प्रश्न उरले तरी सगळ्यांना खुणा करा, सरासरी काही गुण येतातच. तिथे कोरा प्रश्न ठेवून उठायचं नाही.

आणखी एक गैरसमज. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के मार्क नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी ९९ टक्के लोक तुमच्या मागे, एवढाच त्याचा अर्थ. कॅटमध्ये अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुणांवरही ९९ पर्सेंटाइल मिळालं आहे. म्हणून अवघड प्रश्न सोडून पुढे जाणं ही हार नाही. ती या परीक्षेची रीतच आहे, आणि ती सरावाने येते.

हा सराव घरी करता येतो. लोणावळ्याहून शिवाजीनगरला लोकलने साधारण सव्वा तास लागतो. जाऊन-येऊन अडीच तास, म्हणजे १५० मिनिटं. तेवढ्यात घरी बसून सीईटीचा एक पूर्ण सराव पेपर होतो. कॉलेजसाठी तुम्ही रोज प्रवास करतच असाल तर तो वेळ वाचनाला द्या. पण निव्वळ क्लाससाठी जाणार असाल तर हा हिशेब आधी मांडा. ज्यांच्या घरी चिक्कीचं दुकान, रिक्षा किंवा हॉटेल आहे, ती मुलं शनिवार-रविवारी मोकळी नसतात. तुमचा पेपर मंगळवारी ठेवा. कॅटचा रविवार मात्र घरात आधीच सांगून ठेवा.

पेपर झाला की वहीत तीन रकाने आखा: येत होतं पण चुकलं, येत होतं पण फार वेळ गेला, येतच नव्हतं. आमच्या कामात प्रोग्रॅम अडला की आधी लॉग बघतात, तसंच हे. बहुतेकांचं नुकसान मधल्या रकान्यात असतं.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी उताऱ्याची भीती वाटते. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचा आणि लेखकाचं म्हणणं आपल्या भाषेत दोन ओळींत लिहा. ते जमलं नाही तर उतारा कळलेला नाही; पुन्हा वाचा. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आता जे सोडायचं नाही त्याबद्दल. पहिली गोष्ट कागदपत्रं. मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार असे आपल्यातले अनेक समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. आयआयएममध्ये २७ टक्के जागा नॉन-क्रीमी लेअर ओबीसींसाठी असतात. पण केंद्राची यादी आणि प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो, तो तपासा. राज्याच्या प्रवेशात जात वैधताही लागते. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर अनेकदा नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. मग आजोबांच्या भावांचे दाखले, जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, महसुली कागद शोधावे लागतात. यात महिने जातात. निकाल लागल्यावर वडगावला तहसील कचेरीत धावून उपयोग नाही; अभ्यास आणि कागद एकाच आठवड्यात सुरू करा. जे ओबीसीत नाहीत, त्यांनी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीची माहिती घ्यावी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅप फेरीतून असेल, तर शिक्षण शुल्काचा मोठा भाग सुटतो.

दुसरी गोष्ट अम्मी-अब्बांसाठी. ‘बसू दे परीक्षेला, निकालानंतर बघू,’ असं मुलींच्या बाबतीत फार ऐकू येतं. निकालानंतर कॅपच्या फेरीत जागा स्वीकारायला मोजके दिवस मिळतात. हॉस्टेलला पाठवायचं का, लग्नाची बोलणी दोन वर्षं थांबवायची का, हे त्या मोजक्या दिवसांत ठरत नाही. मग मिळालेली जागा हातची जाते आणि मुलीने वर्षभर केलेला अभ्यास वाया जातो. म्हणून अर्ज भरायच्या आधीच घरात बसून बोला. नाही म्हणायचं असेल तर तेही तेव्हाच, तिच्यासमोर, कारण देऊन सांगा. आणि मुलींनो, हा विषय घरात तुम्हीच काढा. भाईजान किंवा मामू काढतील म्हणून थांबू नका.

या आठवड्यात तीन कामं करा. वेळ लावून एक पेपर सोडवा, आजोबांचा दाखला शोधा आणि घरात बोला. अडलं तर मी इथेच आहे, प्रश्न विचारा.