परराज्यातील बालक, आपले घर



वाशी रेल्वे स्थानकाच्या परिसरात केरळ, आसाम, ओडिशा, उत्तराखंड या राज्यांची भवने उभी आहेत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि त्यानंतर वसलेल्या या नगरीत शेजार बहुभाषिक असणे ही नित्याची गोष्ट झाली. अशा नगरीतील दांपत्यालाही दत्तक घेताना मात्र मूल आपल्याच राज्याचे असावे असे वाटते, याचे नवल आहे.

दूरच्या मुलखातील मूल दत्तक घेणे मराठी समाजाला अपरिचित नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. तोच बडोद्याचा सयाजीराव गायकवाड. त्याचे गाव बदलले, नाव बदलले आणि गुजरातीसह नव्या भाषा त्याने आत्मसात केल्या. मात्र शोध झाला तो गायकवाडांच्या भाऊबंदांतच. आजचा कायदा हेच कुंपण काढून टाकतो.

बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये कोणत्याही धर्माच्या पात्र पालकांना दत्तक घेता येते. नोंदणी केंद्रीय प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संगणकीय प्रणालीवर होते आणि ज्येष्ठता त्या नोंदणीनुसारच लागते. पालकांना पसंतीची राज्ये नोंदविता येतात. पसंती जितकी संकुचित, तितकी प्रतीक्षा लांबण्याचा संभव अधिक, हे उघड आहे. शिवाय ‘आपल्या राज्याचे’ या शब्दांआड पुष्कळदा वर्णाची आणि जातीची अपेक्षा दडलेली असते. ती अपेक्षा पालकांनी नोंदणीपूर्वीच स्वतःशी तपासून पाहावी.

कागदपत्रांचा प्रवास दोन जिल्ह्यांत होतो. नवी मुंबईचे वाशी, नेरूळ, बेलापूर हे विभाग ठाणे जिल्ह्यात, तर खारघर रायगडमध्ये मोडते. त्यानुसार जिल्हा बाल संरक्षण कक्ष बदलतो. पालकांच्या घराची पाहणी येथेच होते. बालकाचा अभ्यास अहवाल व वैद्यकीय अहवाल मात्र त्याच्या राज्यातील संस्थेकडून येतो. दत्तकाचा आदेशही ती संस्था ज्या जिल्ह्यात आहे तेथील जिल्हादंडाधिकारी देतात. १ सप्टेंबर २०२२ पूर्वी तो न्यायालयाकडून मिळत असे. परराज्यातील एखादा मध्यस्थ ‘थेट मूल मिळवून देतो’ म्हणाला, तर तो मुलांच्या खरेदी-विक्रीचा गुन्हा ठरू शकतो. त्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व दंडाची तरतूद आहे.

कागदांहून अवघड भाग भाषेचा. तान्ह्या बाळाला तो जाणवत नाही; तीन-चार वर्षांच्या बालकाला जाणवतो. ओडिशातून किंवा आसामातून आलेल्या मुलाने ‘पाणी’ मागितले, तर मराठी आईला सहज उमगेल. पण त्या दोन्ही भाषांत भुकेला ‘भोक’ म्हणतात! मूल भुकेने रडते आहे आणि घरचे भिंतीत छिद्र शोधताहेत, असा प्रसंग टाळायचा असेल, तर संस्थेतील दाईकडून भूक, झोप, शौच, भीती, दुखणे यांचे शब्द लिहून आणावेत. तेथील जेवणाची वेळ आणि निजविण्याची रीतही विचारून घ्यावी. मराठी त्याला शेजारच्या अंगणात आपोआप येईल. पहिली भाषा घाईने पुसण्याचे कारण नाही. काही आठवडे ते मूल गप्प राहिले, तर त्याला मंद ठरविणारे नातलग भेटतील. त्यांना आवरणे हे पालकांचे काम आहे.

घरी आल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, पाठपुरावा होतो. तो पालकांच्या निवासाजवळील यंत्रणा करते. त्यासाठी परराज्यात जावे लागत नाही. अडचण असल्यास याच भेटीत सांगावी.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दत्तक व्यक्तीस आपल्या मूळ स्थानाची माहिती मिळविण्यासाठी अर्ज करता येतो. जन्मदात्यांची गोपनीयता मात्र राखली जाते. म्हणून संस्थेचे नाव, तेथील गावाचा पत्ता, आदेशाची प्रत आणि पहिल्या दिवशी बालकाच्या अंगावर असलेला सदरा घरात जपून ठेवावा.