मैदान सुटल्यावर

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

तुमच्या ताई मला बोलवायला आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, "मी काही कार्यकर्ती नाही. मोर्चात दोनदाच गेले आहे. मला फक्त पळता येतं." त्या म्हणाल्या, "मग पळण्याबद्दलच बोला." म्हणून उभी आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वाळवा तालुक्यातली. शाळेपासून खो-खो खेळले, कॉलेजची पाचही वर्षं संघात होते. आमच्या घरात मुलीनं हाफपँट घालून पळावं हे सहजासहजी पटणारं नव्हतं. वडिलांनी परवानगी दिली ती एका आशेवर. सरकारी नोकरीत खेळाडूंना काही जागा राखीव असतात, सर्टिफिकेट मिळालं तर पोरीचं भलं होईल. म्हणजे माझ्या पळण्याला पहिल्यापासून एक कारण जोडलेलं होतं. नुसतं आवडतं म्हणून पळते, असं म्हणायची सोय नव्हती. आणि अट होती, दिवेलागणीच्या आत घरी.

२००३ च्या मार्चमध्ये आम्ही उपांत्य सामना हरलो. सरांनी जर्सी मोजून परत घेतल्या. माझी सात नंबरची. घडी घालून दिली आणि एसटीत बसले. हा आपला शेवटचा सामना होता, हे कुणी बोललं नाही. आमच्याबरोबरची मुलं पुढेही खेळत राहिली. कुणी तालमीत गेला, कुणी मंडळाच्या संघात, आणि काही नाही तर रविवारचं क्रिकेट होतंच. आम्ही बाराजणी होतो. दोन वर्षांत सातजणींची लग्नं झाली. एकीलाही मैदान राहिलं नाही. मुलाचं शिक्षण संपतं तेव्हा त्याचं कॉलेज सुटतं. मुलीचं कॉलेज आणि मैदान एकाच दिवशी सुटतं.

सरकारी नोकरी काही मिळाली नाही. जूनमध्ये मुंबईला फोर्टात एका खाजगी ऑफिसात हिशेबाचं काम मिळालं आणि दादरला नोकरदार महिलांच्या वसतिगृहात कॉट मिळाली. रात्री नऊला फाटक बंद. पुढची दोन वर्षं मला मुंबई माहीत होती ती एवढीच: वसतिगृह, दादर स्टेशन, तेव्हाचं सीएसटी, ऑफिस आणि परत. या शहराला समुद्र आहे हे मला ठाऊक होतं, पण मी तो चारदासुद्धा पाहिला नव्हता.

भूक मात्र खेळाडूचीच राहिली होती. जेवण तेवढंच आणि दिवसभर खुर्ची. वजन वाढलं, कंबर धरली, जिना चढताना गुडघा दुखायला लागला. रात्री झोप लागायची नाही. एका डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, "लग्न झालं की सगळं ठीक होईल." गुडघ्याचा आणि लग्नाचा काय संबंध, हे विचारायचं धैर्य तेव्हा नव्हतं. आज मला कळतं की माझ्या अंगाला सुतक लागलं होतं. पाच-सात वर्षं रोज संध्याकाळी जे शरीर घामानं भिजत होतं ते एका दिवसात बंद केलं होतं, आणि त्याचं दुःख करायला जागाच नव्हती. खेळणं सुटलं म्हणून कोणी रडतं का?

मग २६ जुलै २००५ आली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. फोर्टात एवढा जोर नव्हता, त्यामुळे गाड्या का बंद आहेत हे आम्हाला कळेना. संध्याकाळी सहाला मी ऑफिसातून चालत निघाले. भायखळा, लालबाग, परळ. रेल्वेच्या हिशेबानं सीएसटी ते दादर नऊ किलोमीटर. हिंदमाताशी कमरेएवढं पाणी होतं. अनोळखी बायका एकमेकींचा हात धरून चालत होत्या. इमारतींतली माणसं खाली उतरून चहा-बिस्किटं देत होती. वसतिगृहात पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते, आणि फाटक उघडं होतं.

त्या दिवशी या शहरात कितीतरी माणसं गेली. त्या रात्रीचं कौतुक मी करणार नाही. पण दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या, त्या सांगते. एक, माझे पाय मेले नव्हते. नऊ किलोमीटर, तेही पाण्यातून, आणि दुसऱ्या दिवशी मला गाढ झोप लागली. दुसरी गोष्ट, रात्री दहा वाजता रस्त्यावर हजारो बायका चालत होत्या आणि "एवढ्या रात्री कुठे निघालीस?" असं एकीलाही कुणी विचारलं नाही. कारण संकट होतं. मी विचार करत राहिले, आम्हाला रस्ता मोकळा मिळायला शहर बुडावं लागतं का?

ऑगस्टमध्ये पाऊस ओसरला आणि मी पहाटे शिवाजी पार्कला जायला लागले. सलवार-कमीज, कमरेला बांधलेली ओढणी आणि कॅनव्हासचे बूट. मैदानाभोवती कट्टा आहे, त्याची एक फेरी किलोमीटरहून थोडी जास्त भरते. पहिल्या दिवशी अर्धी फेरीसुद्धा पळता आली नाही. लाज वाटली. खो-खोतलं पळणं हे झपाट्याचं, वळण्याचं. एका चालीनं लांब जाण्याची सवयच नव्हती. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सुरू केलं. तीन महिन्यांनी न थांबता तीन फेऱ्या झाल्या. गुडघ्याचं दुखणं कधी थांबलं ते कळलंच नाही.

या मैदानाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १९२५ मध्ये हे मैदान झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे. इतकी वर्षं सभा, क्रिकेट, भाषणं, सगळं पुरुषांचं म्हणून आपण या मैदानाकडे बघतो, आणि त्याच्या नावामागे एक बाई उभी आहे! त्याच मैदानाच्या कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबावर चढणाऱ्या मुली मी रोज बघायची. वर उलट्या लटकून खाली जगाकडे निवांत बघणाऱ्या. मला त्यांचा हेवा वाटायचा.

आता वाईट भाग सांगते. हिवाळ्यात एक माणूस सायकलवरून माझ्या मागे यायला लागला. मी पळाले की तो जोरात, मी थांबले की तो हळू. तीन दिवस. चौथ्या दिवशी तिथल्या हवालदाराला सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मॅडम, उजाडल्यावर येत जा ना." उजाडल्यावर मला डबा भरून आठ दहाची गाडी धरायची असते. म्हणजे त्याची सायकल चालू राहणार आणि माझं पळणं बंद होणार!

मी खो-खोची खेळाडू. पाठलाग करणारीला नियम असतात. एकदा दिशा घेतली की तिला मागे फिरता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. रस्त्यावर मागे लागणाऱ्याला कसलाच नियम नाही. सगळे नियम पळणारीलाच. त्या दिवशी मी पळणं थांबवलं आणि कट्ट्यावर रोज बसणाऱ्या तीन आजींच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. सगळं सांगितलं. एक आजी म्हणाली, "उद्या ये. आम्ही तुझ्या फेऱ्या मोजतो." दुसऱ्या दिवशी तो आला. माझी पहिली फेरी झाली तशी आजी मोठ्यानं ओरडल्या, "एक!" दुसऱ्या फेरीला तिघी उभ्या राहून ओरडल्या, "दोन! आणि सायकलवाल्या, तुझ्या किती झाल्या रे?" सगळा कट्टा बघायला लागला. तो परत दिसला नाही.

मैत्रिणींनो, मला वाचवलं ते शिट्टीनं नाही, घरी बसण्यानं तर नाहीच. कट्ट्यावर आधीपासून बसलेल्या बायकांनी वाचवलं. बाई घराबाहेर सुरक्षित व्हायची असेल तर बाहेर आणखी बायका असल्या पाहिजेत.

धीर वाढला तशी रविवारची भटकंती सुरू झाली. खोलीतल्या दोघी बरोबर आल्या, मग सहाजणी झालो. दर रविवारी एक दिशा धरायची. माटुंग्याची पाच उद्यानं आणि फुलबाजार. वरळीचा कोळीवाडा आणि तिथला किल्ला. गिरगावातली खोताची वाडी. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून चालत कान्हेरीची लेणी. गाडीतून बघितलेलं शहर दुसऱ्याचं असतं. पायाखालून गेलं की आपलं होतं. मी गावाकडची, मुंबईला 'तुमची मुंबई' म्हणायची. वर्षभरात 'आमची' म्हणायला लागले.

पण अडचण कुठे आली? मुतारीची. हसू नका. बाहेर पडायचं म्हणून आम्ही सकाळपासून पाणी प्यायचो नाही. एकीला लघवीचा संसर्ग झाला आणि ताप चढला. शेवटी मी एक नकाशा केला. त्यावर आधी स्वच्छतागृहं आली, मग देवळं आणि लेणी. २०११ मध्ये मुंबईतल्या संघटनांनी 'राइट टू पी' ही चळवळ सुरू केली. पुरुषांना लघवीला फुकट आणि बायकांना पैसे का, हा त्यांचा सवाल होता. तेव्हा मला वाटलं, अरे, हा तर माझा नकाशा!

इतकी वर्षं मला एकच प्रश्न विचारला जातो. "कशासाठी पळतेस? वजन कमी करायचंय? स्पर्धा आहे?" मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होते, त्यामुळे जानेवारी जवळ आला की लोकांना उत्तर आपोआप मिळतं. बाकीचे अकरा महिने काय सांगायचं? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. मुंबईतली बाई घराबाहेर असते तेव्हा तिला सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं, हे त्यांनी त्यात मांडलं आहे. मला एकदम वडिलांची ती सर्टिफिकेटची आशा आठवली.

कारण मागण्याची ही सवय फार जुनी आहे. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या, आणि हे त्यांना झेपत नाही असं ठरवून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडलं. सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय. मी टीव्हीसमोर रडले. पण पदकापुरती मिळालेली परवानगी उसनी असते. ललिता पळते म्हणून मला पळायला मिळतं, असं नको. मला पळायचं आहे, एवढंच पुरे झालं पाहिजे.

एक दिवस मात्र मी चांगलीच वरमले. आमच्या वसतिगृहात स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मी उत्साहानं म्हटलं, "मावशी, तुम्हीपण चला की फिरायला." त्या म्हणाल्या, "पोरी, पाच घरची कामं करून माझं चालणं झालेलं असतं. मला कुठं बसायला मिळालं तर सांग." त्या रविवारी दुपारी आम्ही दोघी कट्ट्यावर नुसत्या बसलो. तासभर. शेंगदाणे खाल्ले. मैदान हे पळणाऱ्यांचं आहे तेवढंच दमलेल्यांचंही आहे, हे मला त्यांनी शिकवलं.

आता थोडं कामाचं. खेळ सोडलेल्या मुली इथे असतील, त्यांना सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं घाम येईल असं चालावं, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करावा. दीडशे मिनिटं म्हणजे रोजची वीस-बावीस. जुना वेग पहिल्याच दिवशी शोधू नका, तो दुखापत घेऊन येतो. लवकर दम लागत असेल तर आळशी आहोत असं समजू नका, आधी रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं.

आणि मागण्याही आहेत. कॉलेजांनी आठवड्यातून एक संध्याकाळ माजी खेळाडू मुलींसाठी मैदान उघडावं. मैदानांवर दिवे हवेत. पाणी असलेलं, विनामूल्य स्वच्छतागृह हवं. वसतिगृहाचं फाटक आत राहणाऱ्या बायकांना विचारून बंद व्हावं. यात काही फार मागितलं असं मला वाटत नाही.

आज माझी त्रेचाळिशी आहे. डोंबिवलीत राहते, आठवड्यातून चार दिवस पळते. गेल्या वर्षी आमच्या बाराजणींपैकी पाचजणी गावी भेटलो. शाळेच्या मैदानावर साड्या खोचल्या आणि खेळलो. दोन मिनिटांत धापा टाकायला लागलो, पण कुणी बाहेर बसायला तयार नव्हतं.

खो-खोमध्ये नुसता पाठीला हात लावून चालत नाही. खो मोठ्यानं द्यावा लागतो, नाहीतर पंच ग्राह्य धरत नाहीत. म्हणून आज एवढं मोठ्यानं बोलले. आता उठायचं ते तुम्ही.