तप म्हणजे केवळ लंघन नव्हे
(दशलक्षण पर्वात दिलेले भाषण)



पर्वाच्या या सातव्या दिवशी ‘उत्तम तप’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, हे आम्ही आमचे भाग्य समजतो. आम्ही पंडित नव्हे. सारा जन्म मुले शिकविण्यात गेला. तेव्हा शास्त्राला धरून, पण अनुभवाचेच बोल सांगू.

आपल्या धर्मात कर्म म्हणजे नुसते कृत्य नव्हे, अथवा कोणी कपाळी लिहिलेले प्राक्तनही नव्हे. ते अतिसूक्ष्म पुद्गल होय. मन, वचन व काया यांच्या हालचालीने ते आत्म्याकडे येते, तो आस्रव; आणि क्रोध, मान, माया, लोभ या कषायांमुळे आत्म्यास चिकटते, तो बंध. आपला जिल्हा कापसाचा. जिनात रुईचे तंतू सर्वत्र उडत असतात. कोरड्या हातावरून ते सहज झटकता येतात. तेलकट हाताला मात्र घट्ट बसतात. कषाय हेच ते तेल होय. नवे कर्म येऊ न देणे हा संवर आणि चिकटलेले काढून टाकणे ही निर्जरा. फळ देऊन यथाकाल कर्म गळते, ती सविपाक निर्जरा. तपाने मुदतीपूर्वी गळते, ती अविपाक.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात उमास्वामींनी तपाचे बारा भेद सांगितले आहेत. अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग, विविक्तशय्यासन व कायक्लेश ही सहा बाह्य तपे. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग व ध्यान ही सहा आभ्यंतर. म्हणजे उपवास हा बारांतील एक भेद. आपण मात्र त्या एकावरच थांबतो, आणि किती दिवसांचे उपवास झाले याचीच मोजदाद करतो.

आमचीच गोष्ट सांगतो. ऐन उमेदीत असताना आम्ही याच दिवशी निर्जल उपवास केला व शाळेत गेलो. एका मुलास पाढे येईनात. आधीच डोके तापलेले. आम्ही त्यास छडीने मारले. मधल्या सुटीत कळले की, त्याच्या घरी आदल्या रात्री चूलच पेटली नव्हती. त्याची भूक परवशतेची, आमची स्वेच्छेची. परंतु त्या दिवशी कर्म बांधले ते आम्हीच. तीन दिवसांनी अनंत चतुर्दशी झाली, पाठोपाठ क्षमावाणी आली. साऱ्या समाजाची आम्ही हात जोडून क्षमा मागितली; पण शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागावी, हे आमच्या मानकषायाला रुचले नाही. पुढे त्याने शाळा सोडली आणि ते प्रायश्चित्त राहूनच गेले. उपवास लोकांच्या लक्षात राहिला. छडी आमच्या लक्षात राहिली आहे.

खऱ्या तपाचे उदाहरण पाहण्यास दूर जावयास नको. वर्ध्याजवळ धाम नदीकाठी पवनारचा आश्रम आहे. आचार्य विनोबा जन्माने जैन नव्हते. तरी त्यांच्याच प्रेरणेने जिनेंद्र वर्णी यांनी ‘समणसुत्तं’ हा ७५६ गाथांचा ग्रंथ संकलित केला, आणि १९७४ साली दिल्लीच्या संगीतीत सर्व जैन संप्रदायांनी त्यास मान्यता दिली. १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांनी आजारपणात अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला आणि १५ तारखेस, दीपावलीच्या म्हणजे महावीर निर्वाणाच्या दिवशी, शांतपणे देह ठेवला. अनेकांस तेव्हा सल्लेखनेचे स्मरण झाले. पण ते शेवटचे दिवस पाहताना त्यापूर्वीची वर्षे विसरू नयेत. आधी कषाय कृश झाले, मग काया. आपण हा क्रम उलटा करतो.

म्हणून विनंती एवढीच. उपवास अवश्य करा. पण ज्यांची प्रकृती नाजूक आहे, त्यांना भिडेस घालू नका. पारण्याचा डामडौल कमी करून तो पैसा एखाद्या गरजू मुलाच्या शिक्षणास द्या. आणि यंदाच्या क्षमावाणीस बरोबरीच्यांची क्षमा मागण्यापूर्वी घरचा गडी, मोलकरीण, दुकानातला नोकर, आपली लेकरे यांची मागा. तेथेच मान गळतो, आणि मान गळला म्हणजे निर्जरेस आरंभ होतो.

जय जिनेंद्र.