कासवाची चढण



कासव म्हटले की आपल्याला आठवते ती त्याची मंद चाल, आणि शिवालयात नंदीपाशी फरसबंदीत बसवलेले दगडी कासव. दोन्ही चित्रे जमिनीला धरून असणारी. त्यामुळे कासव भिंत चढते असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटावी. परंतु जमिनीवर राहणारे कासव ज्यांनी कोंडलेले पाहिले आहे, त्यांना हे दृश्य परिचयाचे असेल. ते कोपरा गाठते, मागच्या पायांवर उभे राहते, दोन्ही भिंतींना पुढची नखे रोवते आणि अंग वर ओढू लागते. पडले तर पुन्हा तेच. हा उद्योग तासन्‌तास चालतो.

बडोद्याच्या गोरव्याचेच उदाहरण घेऊ. एकेकाळचे हे शहराबाहेरचे गाव आज शहरात पुरते मिसळले आहे. औद्योगिक वसाहत आली, सोसायट्या उठल्या. अशा वस्तीत हौसेने आणलेल्या कासवाच्या वाट्याला येते ती फरशीची ओसरी, नाहीतर सज्जा, आणि त्याभोवती लोखंडी जाळी. याहून गैरसोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. जाळीतून त्याला पलीकडचे झाड दिसते, म्हणून ते तिकडे निघते. आणि जाळीच्याच घरांत नखे अडकवून वर चढते. ज्या वस्तूने अडवायचे, तीच त्याला शिडी होते. सज्जा वरच्या मजल्यावर असला, तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

खरा धोका उंचीपेक्षा उलटे पडण्याचा आहे. कासवाची पाठ हे काही वरून घातलेले चिलखत नव्हे; त्याचा कणा आणि बरगड्या तिच्याशी एकजीव झालेल्या असतात. ती तडकली म्हणजे हाड मोडले असेच समजावे. फुप्फुसे असतात ती पाठीच्या अगदी खाली. ते उताणे झाले की पोटातल्या साऱ्या आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो आणि श्वास जड होतो. त्यात ऊन असेल, तर अंग तापत जाते. सावलीत जाणे हा त्याचा एकच उपाय, आणि उताण्या कासवाला तोही उरत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात तापलेल्या फरशीवर त्याला फार वेळ तग धरता येणार नाही.

येथे एक नवल सांगण्याजोगे आहे. गाबोर डोमोकोश आणि पेतेर वारकोनी या हंगेरीच्या दोन संशोधकांनी 2006 साली ‘गोम्बोत्स’ नावाची एक घन आकृती घडवली. सपाट जागी ती कशीही ठेवा, तळाशी वजन भरलेले नसतानाही ती डोलत डोलत एकाच बाजूवर येऊन स्थिरावते. पुढे त्यांनी कासवांच्या पाठींची मोजमापे घेतली, तेव्हा या आकाराच्या फार जवळ जाणारी पाठ आढळली ती आपल्या तारांकित कासवाची. काळसर घुमटावर पिवळ्या चांदण्या उमटलेले, गुजरात आणि राजस्थानच्या कोरड्या झुडपी रानात राहणारे हे कासव. मोकळ्या जमिनीवर ते उलटले तर घुमटावरून कलंडते, पाय झाडते आणि उभे राहते. निसर्गाने केलेली ही सोय कोपऱ्यात मात्र निकामी होते. दोन भिंतींमध्ये पाठ अडकली की कलंडायला जागा नाही, आणि गुळगुळीत फरशीवर पायांना पकड नाही.

तेव्हा कुंपण बांधायचे ते आतले काही न दिसणारे नव्हे, बाहेरचे न दिसणारे. जाळीऐवजी गुळगुळीत फळ्या वा विटांची गिलावा केलेली भिंत, उंची कासवाच्या लांबीच्या निदान दुप्पट. माथ्यावर आतल्या बाजूला चार बोटे पुढे आलेली पट्टी, आणि पाया वीतभर जमिनीत. कोपरे तिरकी फळी ठोकून मोडून टाकावेत. दगड, कुंडी, खाण्याची ताटली भिंतीलगत ठेवू नये. कासव त्यांवर पाय देते. दुसरे कासव असेल, तर त्याच्या पाठीवरही देते! नर एकमेकांना ढुशा मारून उलथवतात, म्हणून त्यांना वेगळे ठेवावे. तळाला माती, निम्म्या जागेवर सावली. कुत्री, मुंगूस आणि कावळे यांसाठी वरून जाळी हवीच. तेथे मात्र ती योग्य.

पण एवढे करूनही ते चढतच राहिले, तर दोष भिंतीत शोधू नये. जागा अपुरी आहे, ऊन फार आहे, नराला मादीचा शोध आहे, किंवा मादी अंडी घालायला माती धुंडाळते आहे. आपल्या संतवाङ्मयातली कासवी नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करते. कल्पना मोठी गोड आहे. प्रत्यक्षातली मादी अंडी पुरून निघून जाते. तिला हवा असतो तो योग्य जमिनीचा तुकडा, आणि फरशीत तो कोठून मिळणार?

आणखी एक घोटाळा आपल्या भाषेने करून ठेवला आहे. समुद्रातले, नदीतले आणि रानातले, तिघांनाही आपण कासवच म्हणतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा मगरींबरोबर नदीतली मोठी कासवेही बडोद्याच्या वस्तीतून सोडवावी लागली. ती पोहणारी. रानातल्या कासवाला पोहता येत नाही. हौदात सोडले तर ते बुडते. त्याला पाणी द्यावे ते उथळ परातीत.

आता कायद्याविषयी. तारांकित कासव घरी बाळगणे हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती होऊन ते पहिल्या अनुसूचीत आले. शिक्षा 3 ते 7 वर्षांच्या कारावासाची. 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. परदेशी जातींपैकी ज्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदल्या आहेत, त्या पाळणाऱ्याने 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते. तरीही लक्ष्मी येते या समजुतीने रानातली कासवे चोरून विकली जातात. ज्या घरात लक्ष्मी यायची, तेथे एक जीव रात्रंदिवस बाहेर पडू पाहतो आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

घरात असे कासव असेल, तर ते शेतात किंवा माळावर नेऊन सोडू नका. ते कोणत्या मुलखातून आणले हे ठाऊक नसते, आणि त्याच्या अंगातला रोग रानातल्या कासवांना लागू शकतो. वनखात्याला कळवा. त्यांची माणसे येईपर्यंत ते उताणे दिसले, तर दोन्ही हातांनी धरून हळूच कुशीवरून सरळ करा आणि सावलीत ठेवा. पाठ तडकली असेल, तर हळद वा डिंक न लावता स्वच्छ कापड झाकून पशुवैद्याकडे धाव घ्या. घेऊन येण्यास सांगितले, तर बादलीत घालून नेऊ नये. हवेला भोके पाडलेले खोके घ्यावे, तळाशी वर्तमानपत्राच्या चार घड्या घालाव्यात, आणि झाकण घट्ट बांधावे. कारण खोक्यातही ते चढू पाहील.