आमच्या मतदारसंघाचा इतिहास लिहा



हे संमेलन माणदेशातल्या सांगोल्यात भरते आहे. ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ लिहिणारे श्रीधर कवी याच तालुक्यातल्या नाझऱ्याचे. शेजारच्या आटपाडी भागाने माडगूळकर बंधू दिले, शंकरराव खरात दिले. खिलार जनावरांचा बाजार आणि डाळिंबाच्या बागा आपण पाहालच. मला मात्र आज आमच्या विधानसभा मतदारसंघाविषयी बोलायचे आहे, कारण तो आमचा न लिहिलेला ग्रंथ आहे.

गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिलीच्या निमित्ताने ते सांगोल्यात आले. इथे ना भावकी, ना वाडा. तरीही 1962 साली शेतकरी कामगार पक्षाच्या या तरुण वकिलाला सांगोल्याने विधानसभेत पाठवले आणि पुढे अर्ध्या शतकात एकूण अकरा वेळा निवडून दिले. एसटीने मुंबईला जाणारा आमदार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. अकराचा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. मला त्यांचे दोन पराभवही तेवढेच महत्त्वाचे वाटतात. 1972 साली काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवले. त्यानंतरच्या भीषण दुष्काळात आबासाहेब सभागृहात नव्हते. 1974 च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत पाठवले. 1995 साली शहाजीबापू पाटलांनी दोनशेहूनही कमी मतांनी त्यांचा पराभव केला, आणि 1999 साली आबासाहेब पुन्हा निवडून आले. सांगोल्याने डोळे झाकून मत दिले, असे म्हणणाऱ्यांनी ही सालं जरूर पाहावीत. हा मतदार माणूसही पाहतो आणि त्याचे कामही तपासतो.

ते काम बहुतांशी पाण्याचे आणि मजुरीचे होते. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाईला तिची मजुरी वेळेवर आणि पुरती मिळावी, हा प्रश्न आमच्या माळरानावर रोजच्या भाकरीचा होता. आटपाडीच्या पाणी परिषदांत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि आबासाहेब एकाच मंचावर बसत, आणि दुष्काळी तालुक्यांतले शेतकरी कृष्णेच्या पाण्यावर आपला हक्क सांगत. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी या भागात आले, त्यामागे अशा वर्षानुवर्षांच्या परिषदा आणि मोर्चे आहेत. कापूस फारसा न पिकवणाऱ्या या तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली, महिलांचीही राहिली. या साऱ्यात आबासाहेबांचा वाटा मोठा; पण ऊन खात मोर्चात चाललेल्यांचा वाटा कुठे लिहून ठेवला आहे?

पुढचा भाग आपल्याला ठाऊक आहे. 2019 साली आबासाहेब उभे राहिले नाहीत. अटीतटीच्या लढतीत शहाजीबापू निवडून आले. 30 जुलै 2021 रोजी आबासाहेब गेले, आणि 2024 साली त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख याच मतदारसंघातून विधानसभेत पोहोचले. कोण योग्य, कोण अयोग्य, हे ठरवायचे हे व्यासपीठ नव्हे. आमच्यासाठी प्रतिनिधित्वाचा इतिहास जिंकलेल्यांचा आहे, हरलेल्यांचाही आहे, आणि मत देणाऱ्यांचा तर सर्वांत आधी आहे.

म्हणून यजमान या नात्याने आपल्याकडे एक मागणे मागतो. सांगोल्याच्या प्रतिनिधींनी विधानसभेत काय मांडले, ते सभागृहाच्या कामकाजाच्या छापील खंडांत आहे. ते वेचून त्याचे एक पुस्तक व्हावे. जुनी निवडणूक पत्रके घराघरांतल्या ट्रंकांत पडून आहेत, ती वाळवीच्या तोंडून सोडवावीत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या आयाबायांची बोलणी त्यांच्याच माणदेशी बोलीत उतरवून घ्यावीत. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना हे विषय द्यावेत, लेखकांनी आमच्या गावांत येऊन राहावे. त्या काळच्या साक्षीदारांतले थोडेच आता उरले आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी हाती घ्या. राहण्याजेवणाची आणि गावोगाव फिरण्याची सोय स्वागत समिती करील.