काळी, पांढरी आणि पाणी
(आळेफाटा परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



देशावरील गावाचे दोन भाग परंपरेने सांगितले जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाखालची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. नावे रंगाची असली, तरी ती देणाऱ्यांच्या मनात मातीचे वागणे होते. काळीत भिंत उभी केली तर ती तडकते, हे त्यांना ठाऊक होते. घराच्या धाब्यावर पांढरी माती घालावी, कारण ती उन्हाने फारशी फाटत नाही आणि पावसाने फारशी फुगत नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

पुढे नावे राहिली आणि त्यांमागचे निरीक्षण मागे पडले. 'काळी माती सुपीक असते' एवढे एक वाक्य पाठ करून मूल वरच्या इयत्तेत जाते. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. शेतात, घराच्या पायात आणि डोंगराच्या उतारावर तीच माती तीन निरनिराळ्या प्रकारे वागते, आणि प्रत्येक ठिकाणी तिचे वागणे पाण्यावर अवलंबून असते. म्हणून चिकणमातीची ओळख विद्यार्थ्यास रंगावरून न देता, ती पाण्याशी कशी वागते यावरून द्यावी, हेच या भाषणाचे सांगणे आहे.

प्रथम चिकणमाती कशास म्हणतात ते पाहू. मातीच्या कणांची विभागणी आकारावरून करतात. दोन मिलिमीटरांहून मोठे ते खडे. त्याखाली वाळू, वाळूहून बारीक तो गाळ किंवा पोयटा, आणि ०.००२ मिलिमीटरांहून बारीक ते चिकणकण. हा कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. परंतु आकार ही अर्धीच गोष्ट झाली. खरा फरक कणांच्या घडणीत आहे. चिकणकण हे पापुद्र्यांचे बनलेले असतात. केओलिन जातीच्या कणांत पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून राहतात व मध्ये पाणी शिरत नाही. स्मेक्टाइट जातीच्या कणांत मात्र पापुद्रे सैल असतात. पाणी मध्ये शिरते, पापुद्रे दूर सरतात आणि माती फुगते. पाणी उडून गेले की पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि जमिनीला भेगा पडतात. अशा एका ग्रॅम चिकणकणांचे आतले-बाहेरचे सर्व पापुद्रे पसरले, तर त्यांचा पृष्ठभाग सातशे-आठशे चौरस मीटर भरतो. केओलिनच्या बाबतीत तो दहा-वीस चौरस मीटरच असतो. काळी जमीन पाणी व खत का धरून ठेवते, आणि पावसाळ्यात पायाला का चिकटते, याचे उत्तर याच अंकांत आहे.

आता या दोन जाती कोठे आढळतात हे समजण्यास आळेफाट्यासारखी दुसरी सोयीची जागा सापडणे कठीण. येथून कल्याणकडे जाणारी वाट माळशेज घाट उतरून कोकणात जाते, आणि पूर्वेकडील वाट अहिल्यानगरकडे जाते. दोन्हीकडे मूळ खडक एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बसाल्ट. परंतु घाटमाथ्यावर व कोकणात पाऊस पूर्वेच्या कित्येक पट पडतो. तेथे खडकातील चुना, मॅग्नेशियम इत्यादी क्षार धुऊन जातात. मागे लोह व केओलिन उरून तांबडी माती होते आणि जागोजाग जांभा तयार होतो. पूर्वेच्या कमी पावसात हे क्षार जमिनीतच राहतात व स्मेक्टाइट तयार होते. म्हणून आळे, बेल्हे या बाजूला भेगाळ काळी आणि तिच्या पोटात चुनखडीचे खडे आढळतात. काळ्या रंगावरून तिच्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर असावे असा समज होतो, पण तो बरोबर नाही. पुष्कळ काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब शेकडा एकाहूनही कमी असतो.

सर्वच माती जागच्या जागी झालेली नसते. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या नद्यांनी वरून आणलेला गाळ काठाने साठवला आणि पुढे आपलेच पात्र खोल खोदून घेतले. त्यामुळे जुना गाळ पात्राच्या वर टप्प्याटप्प्यांनी उभा राहिला. समुद्रकाठी लाटांनी घडवलेले टप्पे असतात, तसे हे नदीचे टप्पे होत. आळेफाट्याजवळच्या बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठावर ही रचना उघडी पडलेली आहे. तेथे गोट्यांचे थर आहेत, पिवळसर गाळ आहे, आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत, आणि ज्वालामुखीच्या बारीक राखेचा थरही आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या संशोधकांनी या थराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ही राख तीन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची की त्याहून पुष्कळ जुन्या स्फोटाची, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने येथे एक चांगला धडा आहे. राख ही काचेच्या कणांची असते. बारीक असूनही ती चिकणमातीसारखी चिकटत नाही. तेव्हा बारीक म्हणजे चिकण, असे समीकरण मांडता येत नाही.

शास्त्रज्ञांचे वर्गीकरणही अलीकडे वागण्यावरच आधारलेले आहे. १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली व भारतातही वापरात असलेली पद्धत खोल भेगाळ काळीस 'व्हर्टिसॉल' म्हणते. त्यासाठी तीन खुणा पाहतात. शेकडा तीस किंवा अधिक चिकणकण, ठराविक काळाने उघडणाऱ्या व मिटणाऱ्या भेगा, आणि जमिनीच्या पोटात एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले ढेकळांचे पृष्ठभाग. काळा रंग या खुणांत नाही. रंगाने काळी, पण उथळ व मुरमावर असलेली जमीन वेगळ्या वर्गात जाते. शेतकरी तिला मध्यम किंवा हलकी म्हणतो, तो भेद हाच. गावच्या भाषेतील भारी, मध्यम, हलकी, बरड, मळई, चोपण हे शब्द म्हणजे तयार वर्गीकरणच आहे. फळ्यावर प्रथम हे शब्द लिहावेत, शास्त्रीय नावे मागाहून द्यावीत.

आता पाण्याचा प्रश्न प्रत्यक्ष कोठे येतो ते पाहू.

पहिले ठिकाण शेत. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांच्या कुकडी प्रकल्पामुळे पावसावरची पुष्कळ जमीन ओलिताखाली आली. कांदा, टोमॅटो, ऊस यांनी घरात पैसा आला. परंतु भारी काळीतून पाणी फार सावकाश खाली उतरते. भिजलेली माती फुगते आणि तिच्यातील वाटा बुजतात. अशा जमिनीस हलक्या जमिनीइतक्याच पाळ्या दिल्या, तर वाफसा येत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि कांदा कुजतो. खालचे पाणी वर चढले की क्षार पृष्ठावर येतात. त्यांत सोडियम अधिक असेल, तर मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, जमीन ओली असता चिखल व वाळली असता दगड होते. हीच चोपण. निचऱ्याचे चर काढून व जिप्सम घालून ती सुधारते, पण त्यास वर्षे व पैसा लागतो. जिप्सममधील चुना सोडियमची जागा घेतो आणि कण पुन्हा एकत्र येतात. जमीन बिघडण्याआधी ओळखणे हे सर्वांत स्वस्त.

दुसरे ठिकाण घर व शाळा. काळीवरील भिंतीस दरवाज्या-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा जातात. गिलावा पुन्हा केला तरी त्या पुन्हा उघडतात, कारण दोष खालच्या फुगणाऱ्या-आखडणाऱ्या मातीत असतो. पाया मुरमापर्यंत नेणे, हा जुना उपाय आजही योग्य आहे. माती फार खोल असेल तेथे तळाशी रुंद केलेले खांब घालतात. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशात विकसित केली. भिंतीलगत पाणी साचू न देणे, एवढे तर प्रत्येक शाळेस करता येते.

तिसरे ठिकाण डोंगराचा उतार, आणि येथे प्रश्न प्राणांचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा भाग कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. उतारावरील कुजलेल्या खडकाची माती जोरदार पावसाने भिजून जड होते. कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, मातीची पकड सुटते, आणि जी जमीन काल शेत होती ती चिखलाप्रमाणे वाहू लागते. अशा वेळी काही खुणा आधी दिसू शकतात. उतारावर नव्या भेगा पडतात, झाडे किंवा खांब कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा नव्या जागी झरा फुटतो, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागतात. डोंगरपट्ट्यातील शाळेत या खुणा प्रत्येक मुलास तोंडपाठ असाव्यात. खूण दिसताच मोठ्या माणसांस सांगावे आणि उताराखालची जागा सोडावी. मूल रानात हिंडते, त्यामुळे ते कित्येकदा मोठ्यांच्या आधी भेग पाहते. त्या भेगेचा अर्थ त्यास कळला पाहिजे.

शेवटी, वर्गात करावयाचे चार प्रयोग. त्यांस प्रयोगशाळा लागत नाही.

१. बाटलीचा प्रयोग. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी व चिमूटभर धुण्याचा सोडा घालून खूप हलवावे व स्थिर ठेवावे. वाळू लगेच खाली बसते. गाळाचे मोठे कण दहा सेंटिमीटर उतरण्यास काही मिनिटे घेतात. अगदी बारीक गाळास मात्र तेवढ्याच अंतरास सुमारे आठ तास लागतात, आणि चिकणकण त्यानंतरही पाण्यात तरंगत राहतात. दुसऱ्या दिवशी थर मोजावेत. थर फुगलेला असल्याने माप अंदाजाचे समजावे.

२. दोरीचा प्रयोग. ओल्या मातीची तळहाताने दोरी वळावी. चिकणमातीची दोरी काडीएवढी बारीक होते, रेताड मातीची आधीच तुटते. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आटरबर्ग यांनी १९११ साली मातीच्या ओलाव्याच्या ज्या मर्यादा मांडल्या, त्यांपैकी एक अशाच दोरीवरून ठरते.

३. कांडीचा प्रयोग. मळलेल्या मातीची दहा सेंटिमीटर लांब कांडी करून सावलीत वाळवावी व पुन्हा मोजावी. भारी काळी एक सेंटिमीटर किंवा अधिक आखडते. काळी, तांबडी, पांढरी व नदीकाठची मळई यांच्या कांड्या शेजारी शेजारी ठेवाव्यात.

४. खड्याचा प्रयोग. वाटाण्याएवढे वाळलेले ढेकूळ पावसाच्या पाण्यात अलगद ठेवावे व हलवू नये. ते नुसते विरघळून पडले तर चिंता नाही. भोवती दुधासारखे ढग पसरले, तर सोडियमचा संशय घ्यावा आणि त्या शेताची माती तपासणीस पाठवण्यास पालकांस सांगावे. विहिरीचे पाणी वापरू नये, त्यातील क्षारांमुळे हा ढग दिसत नाही.

नदीकाठच्या दरडीवर मुलांना नेताना कड्याच्या खाली किंवा काठावर उभे करू नये. बोरीसारख्या ठिकाणी थर उकरू नयेत व हत्यारे उचलू नयेत. थरातून निघालेल्या दगडाचे अर्धे सांगणे तेथेच नाहीसे होते.

प्रत्येक शाळेने वर्षभरात आपल्या शिवारातील मातीचे नमुने बरण्यांत भरून, त्यांवर शेताची जागा, खोली, गावातील नाव आणि चारही प्रयोगांचे निष्कर्ष लिहावेत. पावसाळ्यात व उन्हाळ्यात एकच ठिकाण पाहून भेगांची रुंदी मोजून ठेवावी. पाच-सहा वर्षांत त्या वहीत गावाच्या जमिनीचा इतिहास जमा होईल. कोणत्या पाळीने वाफसा जातो, कोणता बांध दर वर्षी फुगतो आणि डोंगराच्या कोणत्या अंगाला नवी भेग पडली, हे त्या वहीवरून गावास सांगता येईल. काळी आणि पांढरी ही नावे ज्यांनी दिली, त्यांनी असेच पाहिले होते. ते पाहणे पुन्हा सुरू करण्याचे काम प्राथमिक शिक्षकाच्या हाती आहे.